समोरून उभी, बाजूने कलती

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या गल्लीत एक गंमत दरवर्षी बघायला मिळते. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला काठी बांधलेली, वर उपडा गडू, रेशमी कापड, कडुलिंबाचा डहाळा, गाठी. रस्त्याच्या पलीकडे घराच्या अगदी समोर उभं राहून बघितलं, तर काठी ताठ वर गेलेली दिसते. मग दहा पावलं चालून शेजाऱ्यांच्या फाटकापाशी जायचं आणि भिंतीच्या कडेने बघायचं. तीच काठी रस्त्यावर चांगली हातभर झुकलेली असते.

आता ही काठी उभी म्हणायची की तिरकी? सगळेच म्हणतील, तिरकी. पण मग समोरून बघताना डोळ्यांनी फसवलं का? तर नाही. समोरून दिसलं तेही खरंच होतं. भिंतीला समांतर अशी एक रेघ जमिनीवर ओढली, तर गुढीची काठी त्या रेघेशी चोख काटकोन करते. बाकी कुठल्याही दिशेच्या रेघेशी करत नाही. भूमितीतल्या 'रेषा आणि प्रतल यांची लंबता' या प्रकरणाचा सगळा जीव एवढ्यातच आहे, आणि नेमका तोच भाग पोरं पाठ करून पुढे सरकतात. मी शिकवण्या घेतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

आधी सोपा भाग उरकून टाकू. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा चार कोन होतात. चारही सारखे असतील तर प्रत्येक ९० अंशांचा, म्हणजे काटकोन, आणि त्या रेषा परस्परांना लंब. घराच्या पायाची आखणी करताना मिस्त्री दोरी घेऊन एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करतो आणि दोन खुणांमधलं अंतर ५ फूट येतं का ते बघतो. आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे चोख काटकोनात. जागा मोठी असेल तर ६, ८, १० घ्यायचं, म्हणजे चूक लवकर सापडते. आपल्याकडच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायला दोरीच वापरली आहे. 'शुल्ब' म्हणजेच दोरी. फक्की टाकून आखणी करणारा आजचा गवंडी त्याच परंपरेतला.

एक गैरसमज मात्र इथेच काढायला हवा. लंब म्हणजे उभा नव्हे. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही एकच धरतो, आणि जमीन सपाट असेल तोवर ते खपून जातं. आमच्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावरची झाडं बघा. उतार तिरका, पण झाडाचं खोड सरळ आभाळाकडे. खोड उभं आहे, पण उताराच्या जमिनीला लंब नाही. झाडाला जमिनीचा उतार ठाऊक नसतो, त्याला वजनाची दिशा कळते. उलट उतरत्या टिनाच्या छपरात ठोकलेला खिळा टिनाला लंब असतो, पण उभा नसतो. 'उभा' हे एकट्याबद्दल बोलता येतं, कारण खाली पृथ्वी गृहीत धरलेली असते. 'लंब' हे दोघांमधलं नातं आहे. कोण कोणाला लंब, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. पेपरात पोरं नुसतं 'रेषा लंब आहे' लिहितात आणि अर्धा गुण घालवून येतात.

आता मुख्य गोष्ट. एखादी रेषा प्रतलाला लंब आहे, म्हणजे काय? प्रतल म्हणजे चारी दिशांना पसरलेला सपाट पृष्ठभाग. फरशी, भिंत, शांत पाणी हे त्याचे तुकडे समजा. व्याख्या अशी: रेषा प्रतलाला जिथे टेकते, त्या बिंदूतून प्रतलात जितक्या म्हणून रेषा काढता येतील, त्या एकूणएक सगळ्यांशी तिने काटकोन करायला हवा. हे सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स'च्या अकराव्या पुस्तकात लिहून ठेवलं, आणि व्याख्या म्हणून त्यात काही खोट नाही.

खोट व्यवहारात आहे. एका बिंदूतून जमिनीवर रेषा किती काढता येतात? मोजदाद नाही. मग खांब उभा करणाऱ्याने तपासायचं तरी किती? दहा दिशा बघितल्या तरी अकरावी राहतेच. आणि एकच दिशा बघून चालत नाही, हे गुढीने दाखवलंच. कितीही तिरकी काठी घ्या, जमिनीवर एक तरी रेघ अशी सापडते की जिच्याशी ती काटकोनात असते. म्हणजे एक तपासणी कोणीही तिरका पास होऊ शकतो.

माझं स्वतःचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर कपडे वाळत घालायला तार बांधायची होती. त्यासाठी सात फुटी लोखंडी पाइप रविवारी मीच सिमेंटमध्ये बसवला. हौस म्हणून ओळंबाही, म्हणजे दोरीला टांगलेला जड गोळा, आणला होता. जिन्याच्या दारात उभा राहिलो, समोर ओळंब्याची दोरी धरली, पाइप दोरीला तंतोतंत जुळवला, खाली विटांचे तुकडे ठोकले, सिमेंट ओतलं आणि खाली येऊन चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी टाकीचं गळतं बघायला मिस्त्री आले. ते टाकीपाशी उभे होते, म्हणजे माझ्या जागेपासून काटकोनात.

"सर, हा पाइप कोणं बसवला?"

"मीच. का?"

"वाकडा हाय ना."

"ओळंबा लावून बसवलाय, मिस्त्री."

"कोणच्या बाजूनं लावला?"

"दारातून. समोरून."

"मंग बाजूनं पाहाचं राह्यलं ना तुमचं."

टाकीपाशी जाऊन बघितलं. सात फुटांत दोन इंच, पूर्वेला, शेजाऱ्यांच्या गच्चीकडे. सिमेंट रात्रीतून पक्कं झालेलं. त्याच आठवड्यात मी दहावीच्या बॅचला 'भूमिती डोळ्यांनी नाही, डोक्याने करायची' असं सुनावलं होतं. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

मिस्त्रींनी मात्र नकळत पूर्ण प्रमेय सांगितलं होतं. त्यांनी दहा बाजूंनी बघा म्हटलं नाही. समोरून एकदा, बाजूने एकदा, बस. आरसीसीचा कॉलम उभा करताना ते हेच करतात. कॉलमच्या दोन शेजारच्या बाजूंना ओळंबा लावतात, समोरासमोरच्या दोन बाजूंना नाही. समोरासमोर लावला तर ती एकच तपासणी दोनदा केल्यासारखी होते. दुसऱ्या दिशेबद्दल काहीच कळत नाही.

ओळंबा लावण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. दोरीत एक छोटा लाकडी ठोकळा ओवलेला असतो, त्याची रुंदी खालच्या गोळ्याच्या जाडीइतकी. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि दोरी सोडायची. गोळा डुलायचा थांबला की बघायचं. भिंतीला जेमतेम शिवला, तर भिंत ओळंब्यात. गोळा आणि भिंत यांच्यात फट राहिली, तर भिंत वरून आपल्याकडे झुकली आहे. गोळा भिंतीला रेलून बसला आणि ठोकळा टेकवायला दोरी ओढावी लागली, तर भिंत पलीकडे कलली आहे.

तर प्रमेय असं: प्रतलात एकाच बिंदूतून जाणाऱ्या दोन वेगवेगळ्या रेषांशी जी रेषा त्या बिंदूपाशी काटकोन करते, ती त्या प्रतलाला लंब असते. म्हणजे दोन दिशा तपासल्या की बाकीच्या अगणित दिशा आपोआप पास. युक्लिडच्या अकराव्या पुस्तकातलं हे चौथं विधान. मला हे प्रमेय फार मोलाचं वाटतं, कारण 'सगळ्यांशी काटकोन' ही माणसाला कधीच न झेपणारी अट दोन तपासण्यांवर आणून ठेवली आहे.

पण दोनच का पुरतात? हे पटेपर्यंत पुढे जाऊ नये. युक्लिडची सिद्धता लांबलचक आहे, त्रिकोणांमागून त्रिकोण येतात. त्यापेक्षा सोपा रस्ता सांगतो. कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर एक कागद दुमडायची तयारी तरी ठेवा.

पाइप जमिनीत 'ओ' या बिंदूला शिरतो. कल्पना करा, तो जितका वर आहे तितकाच सरळ खालीही गेला आहे. वरचं टोक 'व', खालचं टोक 'ख'. आता जमिनीवर ओ मधून दोन रेघा ओढल्या आहेत आणि दोन्हींशी पाइप काटकोनात आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. पहिल्या रेघेवर कुठेही 'अ' बिंदू घ्या. अ पासून व आणि अ पासून ख ही दोन अंतरं सारखीच येणार, कारण दोन्हीकडचे काटकोन त्रिकोण हुबेहूब एक आहेत: ओअ ही बाजू सामाईक, पाइपाच्या वरच्या आणि खालच्या भागाची लांबी तीच. दुसऱ्या रेघेवर 'ब' घ्या. तिथेही तेच. ब पासून दोन्ही टोकं सारख्या अंतरावर.

आता अ आणि ब सरळ रेघेने जोडा. दोन त्रिकोण तयार झाले, एक जमिनीवर उभा असलेला वअब, दुसरा जमिनीखालचा खअब. दोघांची अब बाजू एकच आणि उरलेल्या दोन बाजूही जोडीजोडीने सारख्या. म्हणजे त्रिकोण एकरूप. पतंगाचा कागद मधोमध दुमडावा तसा हा जोड अब वर दुमडला, तर व बरोबर ख वर येऊन बसेल. मग अब वर मध्ये कुठेही 'क' बिंदू घ्या. दुमडताना तो जागचा हलत नाही, म्हणून क पासून व चं अंतर आणि क पासून ख चं अंतर सारखंच राहणार. मग वकख हा त्रिकोण समद्विभुज झाला, आणि ओ त्याच्या पायाचा मध्य. समद्विभुज त्रिकोणात शिरोबिंदूपासून पायाच्या मध्यापर्यंत काढलेली रेघ पायाला लंबच असते. पाया म्हणजे आपला पाइप. म्हणजे ओक ही तिसरी रेघसुद्धा पाइपाला लंब निघाली.

क आपण आपल्या मर्जीने निवडला होता. अ आणि ब रेघांवर हव्या त्या बाजूला सरकवले, तर ओ मधून जाणारी जमिनीवरची कुठलीही रेघ अब ला कुठे ना कुठे गाठतेच. झालं. दोघींचं जुळलं की सगळ्यांचं जुळतं.

अकरावी-बारावीच्या मुलांना हेच एका ओळीत सांगता येतं. सीताबर्डीच्या चौकातून शहरात कुठेही जायचं, तर 'इतकं उत्तरेला आणि इतकं पूर्वेला' एवढ्यात पत्ता सांगता येतो. प्रतलातली प्रत्येक दिशा दोन दिशांच्या मिश्रणातून बनते. पाइपाचा उत्तरेशी सदिशांचा अदिश गुणाकार शून्य (शून्य म्हणजेच काटकोन) आणि पूर्वेशीही शून्य, तर मिश्रणाशी वेगळा कुठून येणार? दोन दिशा काटकोनातच हव्यात असंही नाही. फक्त एकाच रेघेवरच्या नकोत. मिस्त्री शेजारच्या काटकोनी बाजू घेतात ते सोयीसाठी. दोन दिशा फार जवळजवळ घेतल्या तर तत्त्वतः चालतं, पण डोळ्याला चूक पकडता येत नाही.

इथून प्रकरण पसरतं, आणि पोरांची गडबडही इथेच सुरू होते. कागदावर शिकलेले नियम ती उचलून तसेच अवकाशात नेतात. 'एकाच रेषेला लंब असणाऱ्या दोन रेषा समांतर असतात', हा नियम कागदावर पक्का. पण तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात बघा. छतापासून फरशीपर्यंत येणारी कोपऱ्याची उभी कड घ्या. तिच्या पायथ्यापासून दोन भिंतींच्या खालच्या कडा निघतात. दोन्ही उभ्या कडेला लंब, पण एकमेकींना समांतर मुळीच नाहीत. उलट त्या आपसातही काटकोनात आहेत.

'एकाच प्रतलाला लंब असणारी दोन प्रतलं समांतर' हेही तसंच खोटं. त्याच कोपऱ्यातल्या दोन भिंती फरशीला लंब आहेत आणि एकमेकींना भिडलेल्या आहेत. पण 'एकाच प्रतलाला लंब असणाऱ्या दोन रेषा समांतर' हे खरं. एका सपाट फरशीवर नीट उभे केलेले दोन खांब कधीही भेटणार नाहीत. आणि 'एकाच रेषेला लंब असणारी दोन प्रतलं समांतर' हेही खरं, जशी एकाच खांबाला लंब बसवलेली रॅकची फळकुटं. मी मुलांना एक खूण सांगतो. वाक्यात लंबतेची जोडी रेषा आणि प्रतल अशी मिश्र असेल तर समांतरपणा टिकतो. रेषा-रेषा किंवा प्रतल-प्रतल असेल तर अवकाशात त्यावर भरवसा ठेवायचा नाही. पुस्तकात ही खूण मला कधी दिसली नाही, पण परीक्षेत कामाला येते.

आणखी एक कोडं नागपूरकरांना घरबसल्या सोडवता येतं. दोन रेषा एकमेकींना कुठेच भेटत नाहीत, तरी त्या लंब असू शकतात का? आपल्याकडच्या डायमंड क्रॉसिंगवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रूळ एकाच पातळीवर एकमेकांना कापून जातात. ही कागदावरची लंबता. आता सीताबर्डी इंटरचेंज आठवा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही नारंगी मार्गिका आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही ॲक्वा मार्गिका तिथे एकमेकींना ओलांडतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. रूळ भिडत नाहीत, समांतरही नाहीत, आणि दोन्हींना सामावून घेईल असं एकही प्रतल काढता येत नाही. पाठ्यपुस्तकात यांना नैकप्रतलीय रेषा म्हणतात. त्यांच्यातला कोन मोजायचा तर एक रेषा जशीच्या तशी, दिशा न बदलता, खाली सरकवून दुसरीवर आणायची आणि मग मोजायचा. तो साधारण काटकोन आला, म्हणून त्या मार्गिका न भेटताही लंब.

अशा दोन रेषांमधलं सगळ्यात कमी अंतर कुठे असतं? जी रेषा दोघींनाही लंब असते, तिच्यावर. त्या स्टेशनात एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना लिफ्ट साधारण त्याच दिशेने जाते आणि सरकता जिना तिरका जातो. म्हणून जिन्याचं अंतर जास्त. बिंदूपासून प्रतलाचं अंतरही लंबानेच मोजतात. छताची उंची सांगताना टेप कोणी तिरका धरत नाही, याचं कारण तेच.

आता दोन प्रतलांकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात मजेदार भाग हाच, आणि त्यासाठी दाराशी जायचं. दार बिजागऱ्यांवर फिरतं. सगळ्या बिजागऱ्या एका रेषेत असतात, त्या रेषेला अक्ष म्हणू. अक्ष फरशीला लंब असेल, तर दार अर्धं उघडा, पूर्ण उघडा, नुसतं किलकिलं ठेवा, प्रत्येक स्थितीत दाराची फळी फरशीला लंबच राहते. प्रमेयाच्या भाषेत: रेषा प्रतलाला लंब असेल, तर तिला सामावणारं प्रत्येक प्रतल त्या प्रतलाला लंब असतं. एका अक्षामुळे अगणित प्रतलांची हमी मिळते.

दाराच्या खालच्या कडेचं काय होतं तेही बघा. ती कड अक्षाशी काटकोनात आहे आणि फिरताना काटकोनातच राहते. एका रेषेला एका बिंदूपाशी लंब असणाऱ्या सगळ्या रेषा एकाच प्रतलात असतात, हेही युक्लिडच्या त्याच पुस्तकात आहे. म्हणजे दाराची खालची कड फिरता फिरता एक सपाट प्रतल झाडून काढते, आणि ते प्रतल अक्षाला लंब असतं. फरशीही अक्षाला लंब असेल, तर दोन्ही प्रतलं समांतर. म्हणून नीट बसवलेल्या दाराखालची फट पूर्ण फेऱ्यात सारखीच राहते.

आता अक्ष जरा कलला समजा. कडेचं प्रतल फरशीला समांतर राहत नाही. ते एका बाजूला उतरतं, आणि त्या बाजूला दार फरशीला घासतं. फरशीवर पाव वर्तुळाऐवजी शेवटी-शेवटीच ओरखडा दिसतो ना, तो याचाच. शिवाय दाराचं वजन खालच्या जागेकडे ओढ घेतं, म्हणून असं दार हात सोडला की आपणच फिरतं. कुठे जाऊन थांबतं? बिजागरीची रेषा वरच्या टोकाला ज्या बाजूला झुकलेली असेल, त्या बाजूला. म्हणजे घरातलं एखादं दार रात्री आपोआप बंद होत असेल, तर भुताला बोल लावण्याआधी चौकटीला ओळंबा लावा, आणि दोन बाजूंनी लावा. पावसाळ्यात लाकूड फुगून घासतं ते प्रकरण वेगळं. तिथे भूमितीचा दोष नाही.

भिंत फरशीला लंब आहे, म्हणून भिंतीवरची प्रत्येक रेघ फरशीला लंब असते का? अजिबात नाही. भिंतीला गेलेली तिरकी भेग फरशीला लंब नसते. भिंतीवर फक्त तीच रेघ फरशीला लंब, जी भिंत आणि फरशी यांच्या सांध्याला लंब असते. त्यामुळेच दोन प्रतलांमधला कोन मोजताना गुण्या, म्हणजे गवंड्याचा काटकोनी माप, सांध्याला काटकोनात धरावा लागतो. तिरका धरला तर काहीही आकडा येतो.

'काहीही' म्हणजे किती, याचा एक नमुना. संत्रा बर्फीचं एखादं घनाकृती खोकं मिळालं तर बघा, सगळ्या बाजू सारख्या असलेलं. शेजारच्या दोन बाजू एकमेकींना लंब आहेत. त्यांच्या सामाईक कडेच्या एका टोकापासून दोन्ही बाजूंवर एकेक कर्ण ओढा. दोन्ही कर्ण कडेशी ४५ अंश करतात. आता या दोन कर्णांमधला कोन किती? वर्गात विचारलं की ९० किंवा ४५ अशीच उत्तरं येतात. खरं उत्तर ६०. कारण दोन कर्णांची दुसरी टोकं जोडली की खोक्याच्या तिसऱ्या बाजूचा कर्ण मिळतो, आणि तीनही कर्ण सारख्या लांबीचे. म्हणजे समभुज त्रिकोण. काटकोनांनी भरलेल्या खोक्यात ६० अंशांचा त्रिकोण लपलेला असतो. सुरीने तो कोपरा तिरका कापला तर समभुज कापही दिसेल. बर्फी आधी काढून घ्या.

आता पुन्हा 'उभ्या'कडे, कारण ओळंब्यावर आपण इतका भरवसा टाकला आहे. ओळंबा गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतो, आणि संथ पाण्याचा पृष्ठभाग त्या दिशेला लंब असतो. म्हणून पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी आणि ओळंबा ही गवंड्याची दोन हत्यारं एकमेकांची साक्ष देतात. पण दोन ओळंबे एकमेकांना समांतर असतात का? एका खोलीत टांगले तर असतात असंच धरा. पृथ्वी गोल आहे, म्हणून खरं तर दोन्ही दोऱ्या साधारण पृथ्वीच्या मध्याकडे जातात. जमिनीवर ३१ मीटर अंतर गेलं की दोन ओळंब्यांच्या दिशांत एका अंशाच्या ३६०० व्या भागाइतका फरक पडतो. नागपूर ते वर्धा सरळ रेषेत सुमारे ६८ किलोमीटर, तर तिथल्या आणि इथल्या ओळंब्यात साधारण ०.६ अंशाचा फरक. प्रमेय मोडलं नाही. एकाच प्रतलाला लंब, ही अटच तिथे राहिली नाही.

हा सूक्ष्म फरक मोजणं अख्ख्या हिंदुस्थानचा नकाशा काढण्याच्या कामातही एका काळी मोलाचं ठरलं. नागपूरच्या झिरो माइल स्तंभापाशी १९०७ सालची जी खूण आहे, ती ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेची, म्हणजे इंग्रजांनी त्रिकोणांच्या साहाय्याने केलेल्या भारतभरच्या मोजणीची. ही मोजणी १८०२ मध्ये मद्रासला विल्यम लॅम्बटनने सुरू केली, आणि तो १८२३ मध्ये आपल्या शेजारी हिंगणघाटला वारला. त्याच्यानंतर मोजणीचा कारभार बघणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या कामात एक विसंगती निघाली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अक्षांशांचं अंतर जमिनीवरून मोजलं तर एक येई, ताऱ्यांवरून मोजलं तर दुसरं. फरक कोनाच्या पाच सेकंदांहून (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) थोडा जास्त, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या वर. ताऱ्यांवरून मोजताना उभी दिशा ओळंब्यानेच ठरते, म्हणून संशय ओळंब्यावर गेला. हिमालयाचं प्रचंड वस्तुमान गोळ्याला आपल्याकडे किंचित ओढत होतं. पण १८५५ मध्ये कलकत्त्याचा धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट याने हिशेब केला, तर हिमालयाने याच्या जवळपास तिप्पट ओढायला हवं होतं. मग ओढ कमी का? डोंगराच्या खाली खोलवर हलक्या खडकाची मुळं असतात, ही कल्पना त्याच वर्षी इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने मांडली. दोरीला टांगलेल्या गोळ्याने डोंगराच्या पोटातली गोष्ट सांगितली, याचं मला अजून नवल वाटतं. गवंड्याला याची चिंता नको, त्याच्या भिंतीत हा फरक केसाएवढाही पडत नाही.

गच्चीवरच्या पाइपाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नागपूर २१ अंशांच्या जरा वर आहे, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे त्याचे किरण आडव्या जमिनीला लंब पडतात. दुसरी वेळ जुलैच्या मध्यानंतरची, ती बहुधा ढगांत जाते. पहिली मेच्या २६ तारखेच्या आसपास, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी. तेव्हा नीट उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच गडप होते. जुन्या ग्रंथांतला शंकू, म्हणजे दिशा काढायला रोवायची काठी, तपासायलाही ही वेळ नामी. शंकूच कलता असेल तर त्याच्या सावलीवरून काढलेली पूर्व-पश्चिम बिघडणार.

तर मागच्या वर्षी त्या दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर गेलो. कठड्यावर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याची सावली नाही. पाण्याच्या टाकीची बाहेर सावली नाही. पाइपाच्या बुडाशी मात्र दोन इंचांचं काळं बोट, सरळ पूर्वेला, शेजाऱ्यांच्या गच्चीकडे रोखलेलं.